वीज आणि वण

येलदरीच्या वीजघरात तीन संच आहेत, प्रत्येकी साडेसात मेगावॉटचे. पूर्णा नदीवरचं हे धरण १९६८ साली पुरं झालं. त्या वीजघरात ज्यांनी पाळ्या केल्या त्यांना एक गोष्ट पाठ असते: संच चालू करणं म्हणजे नुसतं पाणी सोडणं नव्हे. पाणी सुटतं, टर्बाइन फिरतं, जनित्रात वीज तयार होते, तरी तो संच लगेच जाळ्याला जोडत नाहीत. जाळ्यातली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनं घेत असते. नव्या संचाची आवर्तनं, व्होल्टेज आणि लाटेची वेळ ही तिन्ही जुळली की मगच ब्रेकर टाकायचा. याला ‘सिंक करणं’ म्हणतात. बेताल जोडला तर यंत्राला असा हिसका बसतो की शाफ्टपासून गुंडाळ्यांपर्यंत सगळं हादरतं.

हृदयाच्या एका उपचाराचं नाव याच शब्दावरून पडलं आहे. कार्डिअॅक रीसिंक्रोनायझेशन थेरपी, म्हणजे सीआरटी. पेशंट आणि नातेवाईक त्याला ‘तीन वायरींचा पेसमेकर’ म्हणतात आणि तेच नाव मला जास्त आवडतं, कारण वस्तू काय आहे ते त्यात कळतं. ही पुस्तिका त्या उपचाराबद्दल आहे. पण खरं सांगायचं तर ती त्या उपचाराच्या अपयशाबद्दल आहे. योग्य म्हणून निवडलेल्या पेशंटांमध्येही साधारण तिघांतल्या एकाला या महागड्या यंत्राचा अपेक्षित फायदा होत नाही. दम तसाच लागतो, पायांवरची सूज तशीच राहते, सहा महिन्यांनी टूडी एको काढली तर पंपिंगचा आकडा हललेला नसतो. घरचे म्हणतात, मशीन खराब निघालं. बहुतेक वेळा मशीन ठणठणीत असतं. वायर बरोबर लागलेली असते, वीजही वेळेवर जाते. पण ती जिथे पोचते तिथे काम करायला स्नायूच उरलेला नसतो. तिथे वण असतो.

हा वण म्हणजे काय आणि तो विजेला कसा अडवतो हे कळण्याआधी निरोगी हृदयात वीज कशी पळते ते पाहायला हवं.

हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात एक बारीक गाठ असते. ठोक्याचा हुकूम तिथून सुटतो. तो मधल्या दुसऱ्या गाठीशी येऊन क्षणभर थांबतो, तेवढ्यात वरचे कप्पे खालच्या कप्प्यांत रक्त ढकलून मोकळे होतात. मग हुकूम हिसच्या जुडग्यातून खाली उतरतो, उजवी आणि डावी अशा दोन फांद्यांत वाटला जातो आणि पुढे पर्किंजे तंतूंच्या जाळ्यातून खालच्या दोन्ही कप्प्यांच्या भिंतींत पसरतो. या तंतूंमधून वीज सेकंदाला दोन ते चार मीटर वेगाने जाते. साध्या हृदयस्नायूतून मात्र जेमतेम अर्धा मीटर. आपल्याकडच्या भाषेत, एक डांबरी रस्ता आहे आणि दुसरी पांदण. डांबरी रस्ता शाबूत असला तर सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात दोन्ही कप्प्यांच्या सगळ्या भिंतींपर्यंत हुकूम पोचतो आणि सगळ्या एकदम आवळतात.

डावी फांदी तुटली की काय होतं? हुकूम उजव्या बाजूला वेळेवर जातो, पण डाव्या कप्प्याच्या बाहेरच्या भिंतीकडे त्याला पांदणीने जावं लागतं. दोन कप्प्यांमधला पडदा आधी आवळतो, तेव्हा समोरची भिंत सैलच असते, उलट ताणली जाते. मग ती भिंत आवळते तेव्हा पडदा सैल झालेला असतो. ज्याने तिफण धरली आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. एक बैल ओढतो तेव्हा दुसरा उभा, दुसरा ओढतो तेव्हा पहिला थकलेला. जू तिरकं होतं, दोन्ही बैल घामाघूम होतात आणि तास काही सरळ पडत नाही. हृदयातही रक्त पुढे जाण्याऐवजी आतल्या आत हिंदकळत राहतं.

ही गोष्ट ईसीजीच्या पट्टीवर दिसते. पट्टीवरचा एक बारीक चौकोन म्हणजे ४० मिलिसेकंद. खालच्या कप्प्यांची जी उंच टोकदार लाट असते, क्यूआरएस म्हणतात तिला, ती तीन बारीक चौकोनांच्या आत बसायला हवी. डावी फांदी तुटली की ती पसरते. १२० मिलिसेकंदांच्या पुढे गेली तर रुंद म्हणायची, १५० च्या पुढे, म्हणजे जवळपास चार चौकोन झाली, तर चांगलीच रुंद. पंपिंग ३५ टक्के किंवा त्याहून कमी, औषधं पुरेशा मात्रेत काही महिने चालू असूनही दम लागतो आहे, आणि पट्टीवर डाव्या फांदीचा असा रुंद आकार, हे तिन्ही जमलं की डॉक्टर सीआरटीचा विचार करतात. लाट अरुंद असेल तर हा उपचार करू नये. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या इको-सीआरटी चाचणीने दाखवलं की अशा पेशंटांत फायदा तर नाहीच, उलट मृत्यू वाढतात.

यंत्राची कल्पना सरळ आहे. एक वायर वरच्या कप्प्यात, दुसरी उजव्या खालच्या कप्प्यात, आणि तिसरी हृदयाच्या मागच्या बाजूने जाणाऱ्या एका शिरेतून फिरवून डाव्या कप्प्याच्या बाहेरच्या भिंतीवर. म्हणजे जी भिंत उशिरा जागी होते तिच्या दारावर आधीच थाप मारायची. फ्रान्समधल्या सेर्ज काझो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली असा पहिला अनुभव प्रसिद्ध केला. पुढच्या दहा वर्षांत मोठ्या चाचण्या झाल्या. त्यातली २००५ ची केअर-एचएफ मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. ८१३ पेशंट होते. नुसत्या औषधांच्या तुलनेत या पेसमेकरने मृत्यू ३६ टक्क्यांनी कमी केले. हृदयविकाराच्या उपचारांत असे आकडे रोज मिळत नाहीत. म्हणूनच उरलेला तिसरा माणूस डोळ्यांत खुपतो.

आता वणाकडे येऊ.

हृदयाच्या एखाद्या धमनीत गुठळी अडकली की तिच्या पाण्यावर जगणारा स्नायू मरू लागतो. मेलेला स्नायू शरीर उचलून नेतं आणि त्या जागी पुढच्या काही आठवड्यांत कोलॅजनचा घट्ट, पांढरट पट्टा विणतं. हातावर भाजल्यावर जो वण उरतो त्याच जातीचा. तो वाईट म्हणून त्याला शिव्या देऊ नयेत, कारण वण धरला नसता तर ती भिंत फाटलीच असती. पण वण आवळत नाही आणि वीजही नीट वाहून नेत नाही. त्याच्यात अधूनमधून जिवंत स्नायूचे धागे उरलेले असतात, आणि वीज त्या धाग्यांतून वाट काढत, वळसे घेत, रखडत जाते. असे वळसे कधी स्वतःभोवतीच फिरू लागतात. त्यातून धोकादायक वेगवान ठोके उठतात, म्हणून कित्येकांना सीआरटीबरोबर शॉक देणारं यंत्रही बसवावं लागतं.

तिसऱ्या वायरचं टोक नेमकं वणावर टेकलं तर दोन गोष्टी घडतात. एक, तिथला स्नायू जागा करायला जास्त व्होल्टेज लागतं आणि बॅटरी लवकर संपते. कधी कितीही व्होल्टेज दिलं तरी स्नायू जागाच होत नाही. दोन, वीज लागू पडली तरी वणातून बाहेर यायला तिला इतका उशीर होतो की तोवर उजव्या बाजूच्या वायरचा हुकूम निम्मं हृदय व्यापून बसलेला असतो. कागदावर दोन्हीकडून पेसिंग चालू, प्रत्यक्षात एकाच बाजूने. वीजघराचा दाखला द्यायचा तर ब्रेकर वेळेवर टाकला, जुळणी दाखवणारी सुई बरोबर बाराच्या जागी होती, पण तारेच्या दुसऱ्या टोकाला संचच नाही.

हे आकड्यात कुणी मांडलं? नेदरलँड्समधल्या लायडन इथल्या ब्लीकर आणि सहकाऱ्यांनी २००६ साली चाळीस पेशंटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सगळ्यांचं हृदय आधी झटक्याने किंवा धमन्यांच्या आजाराने कमजोर झालेलं. यंत्र बसवण्याआधी सगळ्यांची एमआरआय केली. चौदा जणांच्या मागच्या-बाहेरच्या भिंतीत असा वण सापडला की त्याने भिंतीची निम्म्याहून जास्त जाडी व्यापली होती. नेमकी तीच भिंत, जिथे तिसरी वायर जाते. या चौदांत यंत्राचा उपयोग झाला १४ टक्क्यांना. बाकीच्यांत ८१ टक्क्यांना. अभ्यास लहान आहे हे मान्य. पण १४ आणि ८१ मधलं अंतर पाहून कुणीही थबकेल.

वण बाहेरच्या भिंतीतच असेल असं नाही. मधल्या पडद्यात असला तरी बैलजोडीतला एक बैल गेलाच. शिवाय एकूण वण किती, याला वेगळं वजन आहे. हृदयाचा मोठा हिस्सा वणाने व्यापला असेल तर उरलेल्या स्नायूला कितीही तालात आणलं तरी तो ओझं कितीसं पेलणार? आणि झटका कधीच आला नाही, धमन्या स्वच्छ आहेत, तरी हृदय फुगलं, अशा पेशंटांत यंत्र सहसा चांगलं काम करतं, कारण त्यांच्यात एकगठ्ठा वण नसतो. मात्र त्यांच्यातही काहींच्या भिंतीच्या मधल्या थरात वणाची बारीक रेघ दिसते, आणि ती असणं चांगलं लक्षण नव्हे.

इथे एक सावधगिरी. वण दिसला म्हणून यंत्र नाकारायचं, असा अर्थ कुणी काढू नये. उपचाराच्या मार्गदर्शक सूचनांत आजही पंपिंग, पट्टीची रुंदी आणि आकार हेच पहिले निकष आहेत. वण असलेल्या काहींनाही फायदा होतो. काहींची प्रकृती सुधारत नाही पण ढासळायची थांबते, आणि कमजोर हृदयात जागच्या जागी टिकणं ही छोटी गोष्ट नाही. शिवाय यंत्र न लागू पडण्याची दुसरी कारणंही असतात: वरच्या कप्प्याची बेताल फडफड, मध्येच येणारे जास्तीचे ठोके, वायर सरकणं, गोळ्या बंद करणं. त्यांचा हिशेब पुस्तिकेत पुढे आहे. इथे मी वणालाच धरून बसलो आहे, कारण तो दिसत असूनही पाहिला जात नाही.

तो पाहायचा कसा? सगळ्यांत स्पष्ट दिसतो तो एमआरआयमध्ये. गॅडोलिनियम नावाचं द्रव्य शिरेतून देतात आणि दहा-पंधरा मिनिटं थांबतात. निरोगी स्नायूतून ते तोवर निघून गेलेलं असतं, वणात मात्र रेंगाळतं. पडद्यावर जिवंत स्नायू काळा आणि वण पांढराशुभ्र दिसतो. मूत्रपिंडं फार खराब असतील तर हे द्रव्य जपून वापरावं लागतं. आणि एक व्यवहाराची गोष्ट, जी कागदावर लिहून खिशात ठेवावी अशी आहे: एमआरआय करायची तर मशीन बसवण्याआधी. आजची बरीच यंत्रं एमआरआयला चालतात, पण छातीतल्या धातूच्या डबीमुळे नेमकी डाव्या भिंतीचीच चित्रं खराब होतात. एमआरआयची सोय नसेल तिथे टूडी एकोसुद्धा पुष्कळ सांगते. भिंत सहा मिलिमीटरहून पातळ झालेली, चकाकणारी आणि हलत नसलेली दिसली तर तिथे जिवंत स्नायूची आशा फारशी नसते.

वण कुठे आहे हे आधी कळलं तर वायर त्याच्या शेजारून नेता येते. ब्रिटनमधल्या ‘टार्गेट’ चाचणीत २२० पेशंट होते. निम्म्यांत वायर नेहमीच्या पद्धतीने लावली. निम्म्यांत एकोच्या खास तंत्राने सगळ्यांत उशिरा आवळणारी पण वण नसलेली जागा हेरून तिथे न्यायचा प्रयत्न केला. २०१२ साली निकाल आला: नेहमीच्या गटात ५५ टक्क्यांना फायदा, जागा हेरून लावलेल्या गटात ७० टक्क्यांना. अर्थात शिरा काही डॉक्टरांच्या मर्जीने वाढत नाहीत. हवी तिथे शीर नसते, असली तर वाकडी असते, आणि वायर योग्य जागी टेकवली तरी कधी शेजारच्या नसेला धक्का लागून पेशंटला उचकीसारखे झटके बसतात. म्हणून आता वायरच्या टोकाशी एक-दोनऐवजी चार ध्रुव असतात. वायर न हलवता, बाहेरूनच, चारांतला बरा निवडता येतो.

दुसरी वाट याहून मुळाशी जाते. पांदणीच्या टोकाला थाप मारण्यापेक्षा तुटलेला डांबरी रस्ताच का जोडू नये? २००० साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातून प्रमोद देशमुख आणि सहकाऱ्यांनी हिसच्या जुडग्यातच कायमची वायर बसवल्याचा अनुभव प्रसिद्ध केला. बारा पेशंटांत ते साधलं होतं. देशमुख हे आडनाव वाचून मराठवाड्यातला वाचक क्षणभर थांबेल, मीही थांबलो होतो. पुढे २०१७ साली चीनमधल्या हुआंग वेईजियान यांनी वायर पडद्यात खोलवर फिरवत नेऊन थेट डाव्या फांदीला जागं करण्याची पद्धत मांडली, आणि ती आता झपाट्याने पसरते आहे. पण इथेही वण आडवा येतोच. पडदाच वणाने कडक झालेला असेल तर वायरचा स्क्रू आत शिरत नाही.

या सगळ्यानंतर मला जे मुळात म्हणायचं होतं ते आता म्हणतो. यंत्राचं यश ज्या वणावर ठरतं, तो वण किती असणार हे यंत्राच्या कित्येक वर्षं आधी, एका दिवसाच्या काही तासांत ठरून गेलेलं असतं.

अमेरिकेतल्या रायमर आणि जेनिंग्ज यांनी १९७७ साली कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांतून दाखवलं की धमनी बंद झाल्यावर स्नायू एकदम मरत नाही. मरण आतल्या अस्तराकडून बाहेर सरकत जातं, वणव्यासारखं. धमनी चाळीस मिनिटांनी मोकळी केली तर धोक्यातल्या स्नायूपैकी ३८ टक्के मेलेला. तीन तासांनी ५७ टक्के. सहा तासांनी ७१. माणसात हा वेग सारखा नसतो, कुणाला बाजूच्या बारीक धमन्या तारून नेतात. पण दिशा तीच, आतून बाहेर. पहिल्या तासात धमनी उघडली तर वण अस्तरापुरता राहू शकतो. उशीर झाला तर तो भिंतीची निम्मी जाडी ओलांडतो. लायडनच्या त्या चौदा जणांची भिंत अशीच कधीतरी उशिरात सापडलेली असणार.

आता समजा, येलदरी कॅम्पात पहाटे चार वाजता कुणाच्या छातीत दाबल्यासारखं झालं. घाम सुटला, डावा हात जड झाला. पहिला अर्धा तास पित्तावर जातो. ओवा, सोडा, जेलुसिल. पुढचा अर्धा तास गाडी कुणाची हे ठरवण्यात. मग जिंतूर, तिथून परभणी, आणि तिथेही धमनी उघडायची सोय त्या वेळी मिळाली नाही तर नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर. वाटेत प्रत्येक ठिकाणी कागद, सही, पुन्हा गाडी. नांदेडचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ पासून आहे, परभणीचं २०२३ मध्ये सुरू झालं. १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून धावते आहे. २०१२ साली नांदेडसह आठ जिल्ह्यांत सुरू झालेली आणि पुढच्या वर्षी राज्यभर गेलेली जीवनदायी योजना, आता महात्मा फुले यांच्या नावाची, अँजिओप्लास्टीच्या पैशाची अडचण बऱ्याच घरांत हलकी करते. वेळेची अडचण कुठलीच योजना भरून देत नाही. म्हणून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जवळच्या दवाखान्यात, पट्टी पाहून, लगेच मिळणं याला मोठ्या शहरातल्या कॅथलॅबइतकंच महत्त्व आहे असं माझं मत आहे. या मतावर वाद होऊ शकतो, पण तो वाद घालणाऱ्याने आधी एकदा पहाटे येलदरीहून परभणी गाठून पाहावी.

आणि म्हणूनच या पुस्तिकेची मांडणी जरा उलटी झाली आहे. पेसमेकरवरच्या पुस्तिकेत पेसमेकर चौथ्या प्रकरणात येतो. त्याआधी झटक्याचा दिवस आहे, वण आहे, पट्टी आहे. एका परिचित डॉक्टरांनी हे पाहून विचारलं की लोक यंत्राबद्दल वाचायला घेतील आणि तुम्ही त्यांना पित्ताच्या गोळीबद्दल काय सांगताय? प्रश्न रास्त आहे. यंत्र बसवून झालेल्या माणसाला झटक्याचा दिवस परत मिळणार नाही. पण त्याच्या घरात भाऊ असतो, मुलगा असतो, आणि धमन्यांचा आजार घरात फिरतो.

भाषेबद्दल थोडं. ‘मायोकार्डिअल फायब्रोसिस’ला शब्दकोशात ‘हृत्स्नायू तंतुमयता’ असं काहीतरी सापडतं. ते मी वापरलेलं नाही. गुडघ्यावर, कपाळावर, पोटावरच्या टाक्यांवर जो उरतो तो वण सगळ्यांना माहीत आहे, आणि हृदयावरचा त्याहून वेगळा नाही. ‘इजेक्शन फ्रॅक्शन’ला सगळेच पंपिंग म्हणतात, मीही म्हटलं आहे. एवढं मात्र लक्षात ठेवा की निरोगी हृदयाचं पंपिंगही शंभर टक्के नसतं, साठच्या आसपास असतं. तीस टक्के म्हणजे सत्तर टक्के हृदय गेलं, असा हिशेब करून रात्रभर जागे राहिलेले लोक मी पाहिले आहेत.

पहिलं प्रकरण ईसीजीच्या पट्टीपासून सुरू होतं. घरात जुन्या पट्ट्या असतील, प्लास्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाशेजारी, तर त्या काढून जवळ घ्या. झटक्याच्या दिवसाची असेल तर ती सगळ्यांत वर ठेवा. त्या कागदावरची छपाई उन्हाने आणि वर्षांनी उडते, तेव्हा आजच एक झेरॉक्स काढून घेतलेली बरी.